रिसेप्टर आत गेला, हे कशावरून?

औषध रिसेप्टरला चिकटलं की नाही, हे आता लवकर कळतं. किती घट्ट चिकटलं याचा आकडाही मिळतो. चिकटल्यानंतर त्या रिसेप्टरचं काय झालं हे कळायला मात्र वेगळी मेहनत पडते. तो पेशीच्या पृष्ठभागावरच राहिला की आत ओढला गेला? आत गेला असेल तर पुन्हा वर आला की तिथेच मोडीत निघाला? औषधशोधाच्या कामात पहिल्या आकड्याला फार मान मिळतो. माझ्या मते निम्मी गोष्ट या पुढच्या प्रश्नांत असते, आणि ती मोजण्याच्या पद्धतींकडे पुरेशा आदराने पाहिलं जात नाही. म्हणून ही टिपणं.

*

१९६४ साली थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी एडिस इजिप्ती डासाच्या मादीची अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. दर पावसाळ्यात आपल्याकडे डेंगू पसरवणारा तोच हा डास. मादी रक्त प्यायली की अंड्यात बलकाचं प्रथिन भराभर साठू लागतं. एवढं प्रथिन आत शिरतं कुठून? त्यांना पेशीपटलावर बारीक खळगे दिसले. खळग्यांना आतल्या बाजूने ब्रशच्या केसांसारखं अस्तर होतं, आणि रक्त प्यायलेल्या मादीत खळग्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढलेली होती. खळगा खोल होतो, त्याचं तोंड मिटतं आणि प्रथिन पोटात घेऊन एक पुटिका पेशीत उतरते, असा अर्थ त्यांनी लावला. तो बरोबर होता. अस्तराच्या प्रथिनाला क्लॅथ्रिन हे नाव केंब्रिजच्या बार्बरा पिअर्स यांनी पुढच्या दशकात दिलं.

स्थिर छायाचित्रांवरून हालचाल ओळखायची, हे या विषयात पहिल्यापासून आहे.

*

मोजणीचा खरा पाया घातला तो डॅलसमध्ये, मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या काही मुलांच्या रक्तात एलडीएल कोलेस्टेरॉल नेहमीच्या सहा ते दहा पट असतं, आणि शाळेच्या वयात त्यांना हृदयविकाराचे झटके येतात. ब्राउन-गोल्डस्टीन यांनी अशा मुलांच्या त्वचेतल्या पेशी वाढवल्या, एलडीएलच्या कणांना किरणोत्सारी आयोडीन-१२५ जोडलं आणि ते पेशींवर सोडलं. बहुतेक मुलांच्या पेशींना एलडीएल जवळजवळ चिकटतच नव्हतं. रिसेप्टर नव्हता किंवा बिघडलेला होता.

एका रुग्णाच्या पेशी मात्र निराळ्या निघाल्या. 'जे. डी.' या आद्याक्षरांनी त्या शास्त्रीय वाङ्मयात ओळखल्या जातात. त्यांना एलडीएल चिकटत होतं. रिसेप्टर होता, पकडही होती. तरी पेशीच्या आत काही पोचत नव्हतं.

हे त्यांना कळलं कसं, ते मला फार मोलाचं वाटतं. एलडीएल पेशींना थंडीत चिकटवायचं, न चिकटलेलं धुऊन टाकायचं, मग पेशी ३७ अंशांवर न्यायच्या. ठरावीक मिनिटांनी हेपरिन किंवा त्याच्यासारखं गंधकयुक्त बहुशर्करेचं द्रावण घालायचं. त्याने पृष्ठभागावरचं एलडीएल रिसेप्टरपासून सुटून द्रावणात येतं. आत गेलेल्यापर्यंत हेपरिन पोचूच शकत नाही, त्यामुळे ते पेशीतच राहतं. सुटलेलं एका नळीत, न सुटलेलं दुसऱ्या नळीत, आणि दोन्ही नळ्या गॅमा काउंटरमध्ये. निरोगी पेशीत काही मिनिटांतच 'सुटणारं' एलडीएल 'न सुटणारं' होत होतं. जे. डी.च्या पेशीत ते कितीही वेळ ठेवलं तरी सुटणारंच राहत होतं.

मग रिचर्ड अँडरसन यांनी एलडीएलला फेरिटिन जोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अस्तर असलेले खळगे पृष्ठभागाचा जेमतेम २ टक्के भाग व्यापतात, पण निरोगी पेशीतले निम्म्याहून अधिक एलडीएल रिसेप्टर तिथेच गोळा झालेले असतात. जे. डी.चे रिसेप्टर सगळ्या पृष्ठभागावर विखुरलेले होते. १९८६ मध्ये कारण सापडलं. रिसेप्टरची ५० अमिनो आम्लांची शेपटी पेशीच्या आत असते. तिच्यात ८०७ क्रमांकावर टायरोसिनच्या जागी सिस्टिन आलं होतं. एवढ्यानेच खळग्याच्या यंत्रणेला तो रिसेप्टर ओळखू येईनासा झाला.

फक्त चिकटण्याची चाचणी केली असती तर या रुग्णाचा रिसेप्टर 'काम करतो' अशी नोंद झाली असती.

*

चार अंश. या विषयातले बहुतेक प्रयोग या आकड्यावर उभे असतात. थंडीत पेशीपटलाची हालचाल थांबते, रिसेप्टर आत जात नाही, पण चिकटणं चालू राहतं. म्हणून चिकटण्याची पायरी बर्फावर करायची आणि घड्याळ ३७ अंशांवर नेल्यावर सुरू करायचं. थांबवायचं तेव्हाही बर्फावरच. द्रावणं आधीपासून थंड केलेली हवीत, सेंट्रिफ्यूज थंड हवा, प्लेट नेण्याआणण्याची वाटसुद्धा लहान हवी. पाच मिनिटांत निम्मे रिसेप्टर आत जाणार असतील तर टेबलावर राहिलेल्या एका मिनिटाची किंमत मोठी असते.

अठरा-वीस अंशांवर आणखी एक गंमत घडते. रिसेप्टर आत जातो, सुरुवातीच्या पुटिकांपर्यंत पोचतो, पण पुढे लायसोसोमकडे, म्हणजे मोडतोडीच्या कप्प्याकडे, जात नाही. वाट मध्येच अडवायची असेल तर हा उपयोगी मुक्काम.

*

हेपरिन प्रत्येक रिसेप्टरला चालत नाही. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरसारख्या (ईजीएफ) संप्रेरकासाठी आम्ल वापरतात: ॲसिटिक आम्ल आणि मीठ, पीएच २.५ च्या आसपास, बर्फावर काही मिनिटं. पृष्ठभागावरचं सुटतं, आतलं सुटत नाही. तत्त्व हेपरिनचंच.

संप्रेरकाला हात न लावता रिसेप्टरचाच मागोवा घ्यायचा असेल तर बायोटिन. पेशीच्या बाहेरच्या प्रथिनांना थंडीत बायोटिन जोडायचं, तेही असं की मधला दुवा ग्लुटाथायोनने तुटेल. पेशी गरम करायच्या, पुन्हा थंड करायच्या, ग्लुटाथायोनने बाहेरचं सगळं बायोटिन खुडून काढायचं. ज्याच्यावर बायोटिन उरलं ते प्रथिन आत गेलेलं. खुडण्याचं काम अर्धवट झालं की आकडा फुगतो. त्यामुळे मुळीच गरम न केलेली, पण ग्लुटाथायोनने धुतलेली एक प्लेट हवीच. तिच्यावर उरलेलं बायोटिन हीच आपल्या चुकीची पातळी. ही प्लेट नसेल तो आलेख मी वाचत नाही.

*

औषधशोधात सर्रास वापरली जाणारी पद्धत उलट्या बाजूची आहे: पृष्ठभागावर किती उरले ते मोजायचं. फ्लोरोसंट अँटिबॉडी लावायची, फ्लो सायटोमीटरमधून पेशी सोडायच्या, उजेड कमी झाला म्हणजे रिसेप्टर आत गेले. सोपं, जलद, शेकडो नमुन्यांना झेपणारं. पण ओट्यावर बसलेला माणूस दिसेनासा झाला म्हणून तो घरातच गेला असं म्हणता येत नाही. तो रस्त्याने निघूनही गेला असेल. रिसेप्टरच्या बाबतीत हे खरोखर घडतं. एचईआर-२ या रिसेप्टरचा बाहेरचा भाग कात्रीसारखं काम करणारी विकरं कापतात आणि तो द्रावणात निघून जातो. कधी रिसेप्टर जागेवरच असतो, पण औषधाने अँटिबॉडीची जागा झाकलेली असते. तिन्ही वेळा यंत्रावर आकडा सारखाच पडतो.

म्हणून माझा आग्रह असा: 'बाहेर कमी झाले' हे एका पद्धतीने आणि 'आत वाढले' हे दुसऱ्या पद्धतीने, दोन्ही दाखवल्याशिवाय अहवालात 'इंटर्नलायझेशन' लिहू नये.

*

अँटिबॉडीला दोन हात असतात. ती दोन रिसेप्टरांना एकत्र धरते, आणि एकत्र धरलेले रिसेप्टर आपणहून आत जाऊ लागतात. म्हणजे मोजण्यासाठी लावलेली वस्तूच मोजायची घटना घडवते. जिवंत पेशीवर आधी अँटिबॉडी लावून मग वाट पाहायची असेल तर एकहाती तुकडा, म्हणजे फॅब, वापरावा. नाहीतर अँटिबॉडी शेवटी, थंडीत लावावी.

*

पेशीच्या आत उतरलेल्या पुटिका हळूहळू आम्लधर्मी होतात. बाहेर पीएच ७.४, सुरुवातीच्या पुटिकांत साधारण ६ ते ६.५, लायसोसोममध्ये ५ च्याही खाली. रिसेप्टरसाठी हा बदल म्हणजे सूचना असते. एलडीएल आम्लात सुटतं, रिसेप्टर रिकामा होऊन वर परततो.

मोजणाऱ्यासाठीही ही सोय आहे. पीएचरोडोसारखे रंग आम्लात उजळतात. त्यांनी रंगवलेली अँटिबॉडी बाहेर अंधारी आणि आत चमकणारी, त्यामुळे धुण्याची भानगड कमी. याच्या उलट फ्लुरिन नावाचं प्रथिन. जेलिफिशच्या हिरव्या प्रथिनात बदल करून गेरो मीसेनबॉक, जेम्स रॉथमन आणि सहकाऱ्यांनी ते १९९८ मध्ये तयार केलं. त्याचा सुधारित प्रकार बाहेर चमकतो आणि आम्लात विझतो. रिसेप्टरच्या बाहेरच्या टोकाला तो जोडला की रिसेप्टर आत उतरताना ठिपका मावळताना दिसतो आणि वर येताना पुन्हा उजळताना. परतीचा प्रवास पाहायला याच्यासारखं साधन नाही.

सावधगिरी साध्या फ्लोरेसिनच्या बाबतीत हवी. ते स्वतःच आम्लात मंदावतं. आत गेलेला रिसेप्टर फिका दिसतो आणि 'कमी गेला' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

*

'साठ मिनिटांनी ४० टक्के आत.' असे आकडे अहवालांत फार असतात, आणि त्यांतून फार थोडं कळतं. साठ मिनिटांत कितीतरी रिसेप्टर आत जाऊन परत आलेले असतात. एलडीएल रिसेप्टरची एक फेरी साधारण दहा मिनिटांची असते. आपल्याला दिसतो तो जाणारे आणि येणारे यांच्यातला फरक.

स्टीव्हन वायली आणि डेनिस कनिंगहॅम यांनी १९८२ मध्ये सुचवलेला उपाय अजूनही उत्तम आहे. फक्त पहिली काही मिनिटं घ्यायची, जेव्हा परत येणारे अजून नगण्य असतात. आत किती गेलं ते एका अक्षावर, पृष्ठभागावर किती वेळ किती होतं त्याची बेरीज दुसऱ्या अक्षावर. बिंदू सरळ रेषेत येतात आणि रेषेचा चढ म्हणजे आत जाण्याचा वेग, दर मिनिटाला किती अंश. हा आकडा पेशीवर किती संप्रेरक टाकलं यावर फारसा अवलंबून राहत नाही, निदान यंत्रणा तुंबेपर्यंत. आणि ती तुंबते. ईजीएफ रिसेप्टर पेशीवर फार असले की खळगे अपुरे पडतात आणि वेग घसरतो. ए-४३१ या प्रसिद्ध कर्कपेशींवर हे रिसेप्टर दहा लाखांहून जास्त असतात. तिथे मोजलेला वेग दुसऱ्या ऊतीला लावणं धोक्याचं.

*

रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने १९९० मध्ये बीटा-अरेस्टिन शोधलं. जी-प्रोटीनशी जोडलेला रिसेप्टर उद्दीपित झाला की हे प्रथिन त्याच्या शेपटीला येऊन बसतं, संदेश थांबवतं आणि रिसेप्टरला क्लॅथ्रिनच्या खळग्याकडे नेतं. १९९७ मध्ये मार्क कॅरन यांच्या गटाने अरेस्टिनला हिरवं प्रथिन जोडलं. सगळ्या पेशीभर पसरलेला हिरवा रंग औषध टाकताच काही मिनिटांत कडेला ठिपक्यांत गोळा होतो. रिसेप्टरला कुठला संदेश द्यायचा आहे हे आधी माहीत नसलं तरी चालतं. त्यामुळे ज्यांचा संप्रेरकच अज्ञात आहे अशा रिसेप्टरांसाठीही ही चाचणी वापरता आली. ३८४ वेल्सच्या प्लेटा, स्वयंचलित सूक्ष्मदर्शक, आणि ठिपके मोजणारी संगणकप्रणाली हे सगळं त्यामागून आलं.

अशा मोठ्या चाळणीला झेड-प्राइम हा निकष लावतात. १९९९ पासून तो चालत आला आहे. ०.५ च्या वर गेला की चाचणी पास. पण झेड-प्राइम फक्त एवढंच सांगतो की दोन टोकांचे नमुने एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसतात. आपण मोजतोय ती घटना इंटर्नलायझेशनच आहे का, यावर तो काहीच सांगत नाही. अरेस्टिन येऊन बसलं म्हणजे रिसेप्टर आत गेलाच असंही नाही. या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांसाठी दोन वेगळ्या प्लेटा लावाव्यात.

*

मॉर्फिन.

१९९६ मध्ये मार्क फॉन झास्ट्रो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मॉर्फिन म्यू-ओपिऑइड रिसेप्टरला उद्दीपित करतं, पण त्याला झटकन आत पाठवत नाही. एटॉर्फिन या दुसऱ्या ओपिऑइडने मात्र तोच रिसेप्टर काही मिनिटांत आत जातो. यातून मोठी चर्चा सुरू झाली. मॉर्फिनची मात्रा वाढवत न्यावी लागते, ती रिसेप्टर पृष्ठभागावरच अडकून राहतो म्हणून का? याच सुमारास लॉरा बोन यांनी बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांत मॉर्फिनची वेदनाशामकता वाढल्याचं दाखवलं. पुढच्या कामांत त्या उंदरांत मॉर्फिन अंगवळणी पडणं आणि श्वास मंदावणं हे दुष्परिणाम कमी दिसल्याचं आलं. अरेस्टिन टाळणारं ओपिऑइड बनवलं तर सुरक्षित वेदनाशामक मिळेल, ही आशा त्यातून जन्मली.

ही आशा प्रामाणिक होती. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला रुग्ण ज्याने जवळून पाहिलाय त्याला ती लगेच कळेल. ऑलिसेरिडिन हे औषध याच विचारातून घडलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने आठ विरुद्ध सात मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला, २०२० मध्ये ते मंजूर झालं, आणि त्याच्या माहितीपत्रकावर श्वसन मंदावण्याचा तोच ठळक इशारा आहे. त्याच वर्षी येना, ब्रिस्टल आणि सिडनी इथल्या प्रयोगशाळांनी मिळून प्रसिद्ध केलं की अरेस्टिन नसलेल्या उंदरांतही मॉर्फिनने श्वास तितकाच मंदावतो.

मोजणीच्या दृष्टीने मला यातली एक जुनी नोंद महत्त्वाची वाटते. १९९८ मध्येच दिसलं होतं की पेशीत जीआरके-२ हे विकर वाढवलं की मॉर्फिननेही रिसेप्टर आत जातो. मेंदूतल्या काही चेतापेशींच्या शाखांमध्ये तो तसा जातोही. म्हणजे 'मॉर्फिनने रिसेप्टर आत जात नाही' हे वाक्य अपुरं आहे. कोणत्या पेशीत, हे त्याला जोडल्याशिवाय ते मॉर्फिनचा गुणधर्म म्हणून वापरता येत नाही.

*

फिंगोलिमॉडची गोष्ट याच्या उलट दिशेची, आणि सुखाची. क्योटोचे तेत्सुरो फुजिता यांनी इसारिया सिंक्लेरी या बुरशीतून मिळालेल्या मायरिओसिनवरून हा रेणू घडवला. शरीरात त्याला फॉस्फेट जोडलं जातं आणि तो एस१पी-१ रिसेप्टरला उद्दीपित करतो. लिंफ ग्रंथीतून रक्तात बाहेर पडायला पांढऱ्या पेशींना हाच रिसेप्टर लागतो. मग उद्दीपित करणाऱ्या औषधाने पेशी ग्रंथीतच अडकतात कशा?

उत्तर रिसेप्टरच्या प्रवासात सापडलं. शरीरातला मूळ रेणू चिकटला की रिसेप्टर आत जातो आणि परत येतो. फिंगोलिमॉड चिकटलं की तो आत जातो, त्याला युबिक्विटिनची खूण लागते आणि तो मोडीत निघतो. पृष्ठभाग रिकामा. उद्दीपक औषध प्रत्यक्षात अवरोधक ठरतं. पहिल्या तासाभराची चाचणी आणि दुसऱ्या दिवशीची चाचणी, दोन्ही खरं सांगतात आणि परस्परविरुद्ध सांगतात. मल्टिपल स्क्लेरोसिसवर तोंडाने घ्यायचं हे पहिलं औषध म्हणून २०१० मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं. पहिल्या गोळीनंतर सहा तास रुग्णाच्या नाडीवर लक्ष ठेवतात. हृदयातले रिसेप्टर आधी उद्दीपित होतात आणि ठोके मंदावतात, त्याची ही खबरदारी.

*

एचईके-२९३ पेशी वाढवायला सोप्या, जनुक घालायला सोप्या. म्हणून सगळे त्यांत काम करतात, आणि रिसेप्टर नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट जास्त भरतात. भरपूर रिसेप्टर म्हणजे स्वच्छ आकडे. पण अरेस्टिन तेवढंच, खळगे तेवढेच. आपण मग यंत्रणेची दमछाक मोजत असतो.

यावर चांगला तोडगा आता आहे. नॅनोल्यूक हे प्रकाश देणारं विकर खोल समुद्रातल्या कोळंबीच्या विकरावरून बनवलं आहे. त्याचे दोन तुकडे केलेत. लहान तुकडा, हायबिट, फक्त ११ अमिनो आम्लांचा. तो क्रिस्परने पेशीच्या स्वतःच्या जनुकात, रिसेप्टरच्या बाहेरच्या टोकाला घालता येतो. मोठा तुकडा द्रावणात टाकायचा. तो पेशीपटल ओलांडू शकत नाही, त्यामुळे पृष्ठभागावरचा रिसेप्टरच उजळतो. मग पेशी फोडून एकूण किती होते तेही मोजता येतं. रिसेप्टर निसर्गाने ठेवले तेवढेच राहतात. हे तंत्र मला मनापासून आवडतं.

*

आत जाण्याची क्लॅथ्रिन ही एकच वाट नाही. ती बंद करण्यासाठी तीव्र साखरेचं द्रावण किंवा पुटिकेचं देठ तोडणाऱ्या डायनामिन या प्रथिनाला अडवणारं डायनासोर नावाचं रसायन वापरतात, आणि 'अडवलं, तरी आत गेलं, म्हणजे चाचणीच चुकली' असं म्हणून मोकळे होतात. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सत्यजित मेयर आणि त्यांच्या बंगळूरच्या एनसीबीएसमधल्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की काही प्रथिनं क्लॅथ्रिन आणि डायनामिन दोन्हींशिवाय, सीडीसी-४२ या प्रथिनाच्या नियंत्रणाखालच्या वेगळ्या वाटेने आत जातात. कानपूरच्या आयआयटीत अरुण शुक्ला यांचा गट अरेस्टिन रिसेप्टरला कसं कसं धरतं यावर काम करतो. या विषयात शिरणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी या दोन प्रयोगशाळांचे शोधनिबंध आधी वाचावेत.

*

कर्करोगातल्या अँटिबॉडी-औषध जोड्यांत सगळा डाव आत जाण्यावरच असतो. अँटिबॉडी रिसेप्टरला धरते, पाठीवर विष असतं, रिसेप्टर आत जाताना ते घेऊन जातो. ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन २०१३ मध्ये मंजूर झालं. त्यातलं विष सुटायला लायसोसोममध्ये अँटिबॉडीचाच चुरा व्हावा लागतो. अडचण अशी की एचईआर-२ आत जायला नाखूश असतो आणि गेला तरी बहुतेक परत येतो. इथे 'किती आत गेलं' हा आकडा दिशाभूल करतो; लायसोसोमपर्यंत किती पोचलं ते मोजायला हवं. २०१९ मधल्या डेरक्स्टिकॅनच्या जोडीत दुवा विकराने तुटणारा आहे आणि सुटलेलं विष शेजारच्या पेशीतही शिरू शकतं. झानिडाटामॅबने आणखी वेगळा उपाय केला. एचईआर-२ च्या दोन वेगळ्या जागा धरायच्या, म्हणजे रिसेप्टरांची साखळी जमते आणि ती आत ओढली जाते.

*

पीसीएसके-९ हे प्रथिन एलडीएल रिसेप्टरला बाहेरून चिकटतं आणि त्याच्याबरोबर आत जातं. तिथल्या आम्लात ते सुटत नाही, उलट आणखी घट्ट धरतं. रिसेप्टर परतीची वाट चुकतो आणि लायसोसोममध्ये जातो. २००६ मध्ये जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी २.६ टक्के लोकांत या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत निकामी होती. त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयधमनीविकार ८८ टक्क्यांनी कमी. हे लोक धडधाकट होते. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, २०१५ मध्ये, पीसीएसके-९ ला धरणाऱ्या दोन अँटिबॉडी औषध म्हणून आल्या.

रिसेप्टर आत जाण्याचा वेग इथे बदललेलाच नाही. बदललं ते परत येणं.

*

टिर्झेपाटाइड मार्च २०२५ पासून भारतातही मिळतं, आणि वजनाच्या संदर्भात घराघरांत त्याचं नाव ऐकू येतं. २०२० मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी एक निरीक्षण मांडलं. जीएलपी-१ रिसेप्टरवर हे औषध अरेस्टिनला कमी बोलावतं आणि मूळ संप्रेरकापेक्षा रिसेप्टर कमी आत जातो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या गटाने त्याआधी २०१८ मध्ये त्याच रिसेप्टरला धरणाऱ्या एक्सेंडिनचं पहिलं अमिनो आम्ल बदलून असाच कमी आत जाणारा प्रकार बनवला होता आणि उंदरांत तो जास्त वेळ साखर उतरवतो असं दाखवलं होतं. दोन्ही धागे जुळतात. पण माणसात वजन उतरण्याचं किती श्रेय रिसेप्टर पृष्ठभागावर राहण्याला द्यायचं, हे वेगळं काढलेलं नाही. टिर्झेपाटाइड जीआयपी या दुसऱ्या रिसेप्टरलाही धरतं, आणि तिथे ते मूळ संप्रेरकासारखंच वागतं.

हा रिसेप्टर मिनिटागणिक पाहायची एक सुंदर पद्धत आहे. रिसेप्टरवर टर्बियमचा रेणू जोडतात, बाहेरच्या द्रावणात फ्लोरेसिन भरपूर घालतात. बाहेर असेपर्यंत टर्बियमची ऊर्जा फ्लोरेसिन घेतं. रिसेप्टर आत गेला की फ्लोरेसिनची संगत सुटते आणि टर्बियम स्वतःच्या रंगात चमकू लागतं. धुणं नाही, थांबवणं नाही, पेशी मारणं नाही.

*

आता आत जाणारे रिसेप्टर मुद्दाम कामाला लावायला सुरुवात झाली आहे. स्टॅनफर्डच्या कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २०२० मध्ये लायटॅक मांडलं. रेणूचं एक टोक नको असलेल्या प्रथिनाला धरतं, दुसरं टोक मॅनोज-६-फॉस्फेट रिसेप्टरला. रिसेप्टर लायसोसोमच्या दिशेने जाताना त्या प्रथिनाला घेऊन जातो. पुढच्या वर्षी यकृतातल्या ॲशवेल रिसेप्टरवर हाच प्रयोग झाला. त्यासाठी टोकाला एक साखर लावतात, तीच साखर इनक्लिसिरान या औषधाला यकृतात पोचवते.

कागदावर रेणू आखायच्या आधी चार गोष्टी मोजाव्या लागतील. त्या ऊतीच्या एका पेशीवर हे रिसेप्टर किती आहेत. एक फेरी किती मिनिटांची. ओझं टाकून रिसेप्टर परत येतो की ओझ्यासकट संपतो. आणि ओझं मोठं, दोन-तीन रिसेप्टरांना एकदम धरणारं असलं तर फेरी बदलते का. यकृताच्या ताज्या पेशी मिळवणं महाग आणि कटकटीचं आहे, त्या प्लेटवर काही दिवसांत आपले रिसेप्टर गमावूही लागतात. तरी हे आकडे त्याच पेशींत, त्या पहिल्या दिवसांत काढायला हवेत.